शंभर ग्रॅम

काटा नवाकोरा. अंबाल्याहून पेटीतून आला,
थर्माकोलच्या कुशीत, हमीपत्रासकट.
सुगनचंद लोयांच्या आडतीत मांडला, नारळ फोडला,
आणि तिसऱ्या दिवशी मला फोन:
मिस्त्रीणबाई, या. तुमचा काटा खातोय.

माझा कसा? मी विकला नव्हता.
पण लातूरच्या आडत बाजारात जो काटा चुकतो
तो माझा असतो. आधी अब्बांचा असायचा.

लिंबाजी हमालानं रिक्षातून वजनं उतरवली,
वीस किलोची पाच, बुडाला शिसं, शिशावर यंदाचा छाप.
पाचही चढवली. लाल आकडा थरथरला, थांबला:
नव्व्याण्णव किलो नऊशे.
पाणसळ लावून, पायांचे स्क्रू फिरवून,
पंखा बंद करून पुन्हा:
नव्व्याण्णव किलो नऊशे.

मापाडी म्हणाला, वजनं झिजली असतील.
शेठ म्हणाले, कुणीतरी हात लावलाय.
आणि दोघंही माझ्या हातांकडं बघायला लागले.

मग दुकानातून अब्बांचा तराजू मागवला, लोखंडी दांडीचा.
एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात तूर. दांडी आडवी.
तीच तूर नव्या काट्यावर ओतली
तर शंभर ग्रॅम गायब.

अब्बा म्हणायचे, तराजूकू गाँव नई रहता, बेटा.
खरंच नसतं. जमीन दोन्ही पारड्यांना सारखीच ओढते,
आपल्याला कुठं टांगलंय हे त्याला कळतच नाही.
या नव्याच्या पोटात मात्र धातूचा एक तुकडा असतो,
भाराखाली केसभरही नाही, त्याहून कमी वाकतो,
आणि त्या वाकण्याला किलो म्हणतो.
वाकायला तो अंबाल्यात शिकलाय.
तिथली जमीन जरा जोरात ओढते.

हे शेठना कसं सांगावं?
सांगितलं: पृथ्वी कमरेत फुगलेली, त्यात फिरतेय,
आपण कमरेच्या बाजूचे. गाभ्यापासून लांब,
गरगरणं जास्त, म्हणून ओढ कमी.
त्यातून लातूर उंचावर.
गंगथडीला भरलेलं पोतं बालाघाटावर चढवलं
तर वाटेत पाच-सात ग्रॅम सुटतात,
पोत्याला भोक नसताना.

शेठ चष्मा पुसत राहिले.
मग माझे शंभर ग्रॅम गेले कुठं?
कुठंच नाही. तूर तेवढीच हाय. दाणे मोजा.
दाणे मोजत बसू का आता, ते म्हणाले.

लिंबाजी थप्पीला टेकून ऐकत होता.
म्हंजे अंबाल्याच्या हमालाला हेच पोतं जड?
शंभर ग्रॅमनं.
त्यानं मूठ उघडून बघितली, पुन्हा मिटली.
अन् पार वर, बर्फात?
अर्ध्या किलोनं.
मग तिथं हमाली वाढवून मागावी लागंल.
मापाडी हसला. लिंबाजी नाही हसला,
तो हिशोबात होता:
दिसाला साठ पोती. म्हंजे रोजचं सहा किलो वाचलं मपलं?
हात मागं नेऊन पाठ चाचपली.
पाठीला तर कळलं न्हाई.

मी शिसं तोडलं, झाकण काढलं, आतली कळ दाबली.
पाच वजनं ठेवली आणि थांबले.
कुठला आकडा दाखवायचा ते मी सांगत नव्हते,
तू कुठं आलायस तेवढंच सांगत होते.
आकडा चढला, उतरला, अडला.
शंभर. पुढं दोन शून्यं.

पावतीवर कामाचा तपशील: दुरुस्ती.
खोडलं. बिघडलं तर काहीच नव्हतं.
जागा सांगितली, असं लिहिलं. दोनशे रुपये.
शेठनी वाचलं, दीडशे दिले.

लिंबाजी वजनं परत रिक्षात चढवत होता,
एरवी दोन-दोन उचलतो, आज एकेक.
शेवटचं हातात धरून थोडा वेळ उभा राहिला,
खाली बघत,
मग ठेवलं.